दंतवैद्यकाचे धुरीण

दातांच्या डॉक्टरला पुढारी कशाला हवा, असे कोणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. दात दुखला, दवाखान्यात गेलो, खुर्चीवर बसलो, दात निघाला, पैसे देऊन घरी आलो. यात पुढाऱ्याचे काम ते काय? पण वाचकहो, ती खुर्ची तिथे आली कशी, आणि तिच्याशेजारी उभा असलेला माणूस शिकलेला आहे याची हमी तुम्हांला कोणी दिली, हे पाहू लागले की मग इतिहासात शिरावे लागते.

आमचे सेलू हे कापसाच्या बाजाराचे गाव. नांदेड-मनमाड लोहमार्गावरचे, पूर्वीच्या निजामाच्या राज्यातले. अशा गावांतून दाताचे दुखणे कोण पाहत असे? कधी न्हावी पाही, कधी फिरस्ता वैदू. बाजाराच्या दिवशी "दातातला किडा काढून देतो" म्हणणारी मंडळीही येत, आणि खरोखरच एक पांढरा किडा काढून तळहातावर दाखवीत! तो किडा कुठून येई हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. लोक फसत, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण ठणकणारी दाढ घेऊन माणसाने जावे कुठे? दातात किडा असतो ही समजूत तर साऱ्या जगात होती. आपल्या सुश्रुतसंहितेतही "कृमिदंत" हा रोग सांगितलेला आहे. लोक अडाणी होते असे म्हणण्यापेक्षा शिकलेला माणूस गावात नव्हता, असे म्हणणे जास्त खरे.

हा शिकलेला माणूस तयार करण्याचे काम हिंदुस्थानात ज्या एका गृहस्थाने अंगावर घेतले, त्यांचे नाव डॉ. रफीउद्दीन अहमद. जन्म १८९० सालचा, पूर्व बंगालातला. अलीगढला शिकले, अमेरिकेला गेले, १९१५ साली आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी घेतली. बोस्टनला मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले आणि १९१९ साली कलकत्त्याला परत आले. आता अशा माणसाने काय करावे? चौरंगीच्या बाजूला एखादी झकास खोली घ्यावी, साहेबांचे आणि जमीनदारांचे दात पाहावेत, चार पैसे गाठीला बांधावेत. कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी १९२० साली दंतवैद्यकाचे कॉलेज काढले. हिंदुस्थानातले पहिलेच! सरकारकडून पैसा नाही, संस्थानिकाची देणगी नाही. मग खर्च कशातून? तर डॉक्टरांनी आईस्क्रीम आणि सोड्याचे एक दुकान चालवले होते, "न्यूयॉर्क सोडा फाउंटन" नावाचे. त्याच्या नफ्यातून कॉलेज चाले. गोड खाऊन दात किडतात, आणि त्याच गोडाच्या पैशावर दात वाचवणारे तयार होतात. हा विनोद डॉक्टरांच्या ध्यानात आला नसेल असे मला वाटत नाही.

पण कॉलेज काढणारे पुष्कळ असतात. अहमदांचे वेगळेपण त्यापुढच्या पायऱ्यांत आहे. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले, त्याच सुमारास बंगालात दंतवैद्यांची संघटना उभी केली, १९२८ साली विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. मग कायद्याच्या मागे लागले. १९३९ साली बंगालचा दंतवैद्यांचा कायदा झाला आणि १९४८ साली साऱ्या देशाचा. शाळा, मासिक, मंडळी आणि कायदा. धंद्याचा व्यवसाय व्हायला या चारही गोष्टी लागतात, आणि त्या मागेपुढे झाल्या की काम बिघडते.

कसे बिघडते, ते अमेरिकेत पाहा. १८४० साली बाल्टिमोरला जगातले पहिले दंतवैद्यक कॉलेज निघाले, त्याच वर्षी दंतवैद्यांची राष्ट्रीय संस्थाही स्थापन झाली. सुरुवात किती छान! पण त्याआधी काही वर्षे क्रोकर नावाचे दोन भाऊ युरोपातून तिकडे आले होते. चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा कालवून ते दातांतले खड्डे भरीत. काम स्वस्त आणि झटपट होई, आणि बऱ्याचदा वाईटही. संस्थेच्या पुढाऱ्यांना याचा संताप आला. तो रास्तच होता; पण त्यांनी केले काय? असले मिश्रण कधीही वापरणार नाही, अशी शपथ प्रत्येक सभासदाने घ्यावी, असा हुकूम काढला. जे घेणार नाहीत त्यांच्यावर कारवाई. मिश्रण चांगले कसे करता येईल हे तपासायचे सोडून शपथा! नीट केलेले मिश्रण गरिबाची दाढ वाचवते, हे रोज पाहणारे सभासद शपथ कशी घेणार? भांडणे लागली. १८५० साली हुकूम मागे घेतला, पण तोवर संस्थेची रया गेली होती. १८५६ साली ती बंद पडली. हेतू शुद्ध, माणसे विद्वान, आणि तरीही हा शेवट. पुढे १८५९ साली नव्याने संस्था काढावी लागली.

इंग्लंडात वेगळाच घोळ झाला. तिथे जॉन टोम्स वगैरे मंडळींच्या खटपटीने १८७८ साली कायदा झाला. पण त्या कायद्याने राखले ते फक्त "दंतवैद्य" हे नाव. नोंदणी नसलेल्याने दात काढू नयेत, असे काही तो म्हणेना. मग काय, पाटीवर ते नाव न लिहिता हवे ते करावे! तेच हजारोंनी केले, आणि ही भोके बुजवायला १९२१ साल उजाडले. त्या वर्षी मात्र तिथल्या लोकांनी शहाणपणाने एक तडजोड केली: जे न शिकलेले लोक वर्षानुवर्षे हेच काम करून पोट भरीत होते, त्यांना नोंदणीत घेतले आणि पुढची वाट बंद केली.

आपल्या १९४८ च्या कायद्यात हाच धडा दिसतो. नोंदणीचे दोन भाग केले, अ आणि ब. पदवी असलेले अ मध्ये. पदवी नाही, पण आधीची निदान पाच वर्षे ज्यांचा मुख्य चरितार्थ याच कामावर चालला, ते ब मध्ये. पदवीधरांपैकी कित्येकांना हे रुचणे कठीणच होते. आम्ही वर्षे घालवून शिकलो, आणि हा बाजारातला माणूस आमच्याच वहीत? हा प्रश्न खोटा नाही. पण त्या वेळचे आकडे डोळ्यांपुढे ठेवा. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला, त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात शिकलेले दंतवैद्य सुमारे १००० आहेत असे म्हटले होते. म्हणजे तीन लाख माणसांमागे एक! बाकीच्यांना एकदम हाकलले असते, तर ते काही घरी बसले नसते. कायद्याबाहेर जाऊन तेच करीत राहिले असते. त्यापेक्षा त्यांना वहीत आणावे, नियमाखाली आणावे, आणि नव्याने कोणाला तसे येऊ देऊ नये. माझ्या मते आपल्या दंतवैद्यकातला सगळ्यात पोक्त निर्णय हाच. आपल्याच माणसांची नाराजी पत्करून तो घ्यावा लागतो, म्हणून तो अवघड.

अहमद स्वतः १९४५ ते १९४८ या काळात अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष होते. १९४९ साली त्यांनी आपले कॉलेज बंगाल सरकारला देऊन टाकले. विकले नव्हे, दिले. पुढे बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात ते बारा वर्षे होते. खाते कोणते? आरोग्य नव्हे, शेती, सहकार, समाजविकास, निर्वासितांचे पुनर्वसन. राजकारणाचा हा नेहमीचा खाक्या आहे, सोडा. १९६४ साली पद्मभूषण, १९६५ साली मृत्यू. आता २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस देशात दंतवैद्यदिन म्हणून पाळतात.

त्यांच्या कॉलेजचा मुंबईशीही एक धागा आहे. तिथे शिकून आलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ साली मुंबईत दातांचा दवाखाना थाटला. मुसलमान घरातली बाई त्या काळी हा धंदा करते, ही गोष्ट लहान नव्हती. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली निघाले.

आणि मराठवाडा? तो १९४८ चा कायदा २९ मार्चला झाला, तेव्हा सेलू निजामाच्या अमलाखाली होते. रझाकारांचा धुमाकूळ चालू होता; जिवाची शाश्वती नव्हती तिथे दाताचे काय घेऊन बसलात! भोर समितीच्या आकड्यांतही आम्ही नव्हतोच, ते आकडे ब्रिटिश मुलखाचे. सप्टेंबरात आम्ही सुटलो, १९५६ साली हैदराबादेपासून वेगळे होऊन मुंबई राज्यात आलो. हैदराबादेत सरकारी दंत महाविद्यालय निघाले ते १९५९ साली, आम्ही तिथून बाहेर पडल्यावर. नागपूरला १९६८ साली निघाले. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, ते यायला १९८२ साल लागले. कलकत्त्याच्या पहिल्या कॉलेजानंतर ६२ वर्षांनी!

यात कोणा एकाचा दोष नाही, पण धुरीणांच्या नजरेचा तो प्रश्न आहेच. नेतृत्व शहरांत होते, आणि शहराला जे दिसते तेच आधी होते. आज देशात दंत महाविद्यालये तीनशेच्या वर आहेत, दंतवैद्यांची संख्या लाखांत मोजावी लागते. शहरात एकेका रस्त्यावर चार पाट्या. आणि आमच्याकडच्या खेड्यात अजूनही तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती मिश्री सकाळसंध्याकाळ दातांना लावायची. "मिश्रीनं दाढ दुखायची राहते हो सर," असे बायाबापड्या आजही सांगतात. दाढ काही वेळ राहतेही. पण हिरड्या आणि तोंडाची आतली बाजू त्याची किंमत देतात, आणि ती कधीकधी कर्करोगाची असते. २०१२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. मिश्री मात्र घरच्याच चुलीवर भाजली जाते. तिच्यावर बंदी कोण कशी घालणार? तिथे कोणीतरी दाराशी जाऊन बोलावे लागते, आणि दुखणाऱ्या दाढेला दुसरा उपाय हाताशी द्यावा लागतो.

२०२३ साली संसदेने नवा कायदा केला. १९४८ चा कायदा बाजूला सारून दंतपरिषदेच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग आणण्याची तरतूद त्यात आहे. जुन्या परिषदेत निवडून आलेली माणसे होती, आयोगात भर आहे तो सरकारी नेमणुकीवर. कोणती रीत बरी, यावर दंतवैद्यांत दोन मते आहेत. माझ्यासारख्या बाहेरच्याने त्यात पडू नये. पण त्या आयोगापुढे ब भागासारखा एक प्रश्न आजही वाट पाहत आहे, तो म्हणजे खेड्यात कोणी जायचे आणि कोणत्या अटीवर.