अडत, दलाली आणि हमी : मुंबईच्या कापूस निर्यातीतील मध्यस्थ

एकोणिसाव्या शतकात वऱ्हाड आणि खानदेशातील कापूस लिव्हरपूलच्या बाजारात पोहोचेपर्यंत गावचा सावकार, पेठेतील अडत्या, मुंबईचा दलाल, निर्यातदार पेढी आणि विलायतेतील कमिशन एजंट अशा अनेकांच्या हातून जात असे आणि प्रत्येक हात आपला मोबदला कापून घेत असे. मध्यस्थाशिवाय हा व्यापार चालणे शक्य नव्हते, कारण दूरच्या बाजारातील भाव, ग्राहकाची पत आणि मालाची प्रत यांची माहिती त्याच्याकडेच असे. त्यामुळे मोबदला रास्त आहे की नाही, हा प्रश्न केवळ शेकडा किती या दराचा नव्हता. मध्यस्थ कोणाचे काम करतो आणि त्याचा हिशेब पैसे देणाऱ्याला तपासता येतो की नाही, यावर त्याचे उत्तर अवलंबून होते.

मुंबईतील ज्या व्यापाऱ्याची इंग्लंडमध्ये स्वतःची शाखा नसे, तो बहुधा आपला माल तेथील एजंटाकडे ‘कन्साइनमेंट’वर, म्हणजे मालकी स्वतःकडे ठेवून केवळ विक्रीसाठी, पाठवत असे. जहाजावर माल चढल्याच्या पावतीवर त्याला काही उचल मिळे. माल विकल्यावर एजंट जहाजभाडे, विमा, गोदामभाडे, व्याज आणि स्वतःचे कमिशन वजा करून उरलेली रक्कम कळवी. ग्राहकाने पैसे बुडवल्यास ते भरून देण्याची हमी एजंटाने घेतली, तर त्यासाठी वेगळे कमिशन आकारले जाई. येथे मोठी विषमता होती. कमिशन एकूण विक्रीच्या रकमेवर मोजले जात असल्यामुळे भाव कोसळला तरी एजंटाचे उत्पन्न थोडेच घटे, तर सगळी तूट माल पाठवणाऱ्याच्या माथी येई. शिवाय पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिने लोटत असल्याने, एजंटाने माल कधी आणि का विकला हे विचारण्याचा अधिकार जवळपास कागदावरच राही. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये समुद्रतळातील तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली, तेव्हा माल चढवण्यापूर्वीच भाव ठरवून सौदा करणे शक्य झाले आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला घासाघीस करण्याचे बळ मिळाले.

परदेशी पेढ्यांनाही मुंबईत आपला माणूस निवडावा लागे. १८५१ मध्ये विंटरथूर आणि मुंबई येथे एकाच वेळी स्थापन झालेल्या फोल्कार्ट ब्रदर्ससारख्या पेढ्या ‘हमी दलाला’वर विसंबत. स्थानिक व्यापाऱ्यांशी सौदा जुळवून देणे एवढेच या दलालाचे काम नसे. समोरच्याने व्यवहार मोडला तर नुकसान भरून देण्याची जबाबदारीही तो पत्करी. म्हणून त्याची निवड करताना बोलण्यातील चातुर्यापेक्षा बाजारातील पत, नातेसंबंध आणि अनामत ठेवण्याची ऐपत पाहिली जाई. त्याच्या मोबदल्यात श्रमाइतकाच जोखमीचा भाग होता आणि या अर्थाने तो मोबदला समजण्यासारखा होता. रिची स्टुअर्ट कंपनीचे दलाल प्रेमचंद रायचंद (१८३१–१९०६) यांचा अमेरिकन यादवीच्या काळात कापूस बाजारावर जो दरारा होता, त्याच्या मुळाशी अशीच पत होती. १८६५ मध्ये यादवी संपून भाव कोसळले, तेव्हा त्यांच्यासह अनेकांची पत किती उसनी होती तेही उघड झाले.

या साखळीत सर्वांत दुबळा होता तो गाडीभर कापूस घेऊन पेठेत उतरणारा शेतकरी. त्याचा माल विकून देणाऱ्याला अडत्या आणि त्याच्या मोबदल्याला अडत म्हणतात. हाच अडत्या अनेकदा शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देणारा सावकार असे, आणि खरेदीदाराशी त्याचा संबंध वर्षभराचा, तर शेतकऱ्याशी हंगामापुरता असे. सौदा ‘हत्ता’ पद्धतीने होई, म्हणजे रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवला जाई. ज्याच्या मालाचा तो भाव, तो शेतकरी शेजारी उभा राहूनही त्याला काही कळत नसे. त्यानंतर हमाली, तोलाई, धर्मादाय, पांजरापोळ अशा नावांनी रक्कम कापली जाई आणि नमुना म्हणून काढलेल्या कापसाचे पैसे मिळत नसत. मुंबईची कापसाची खंडी ७८४ पौंडांची असली तरी पेठांची मापे निरनिराळी असल्यामुळे किती कापले गेले याची तुलना करणेही अवघड होते. जाहीर अडत माफक दिसे. लूट होई ती या किरकोळ कपातींमधून, आणि म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली.

यावर कायद्याचा पहिला उपाय वऱ्हाडात झाला. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथील कापूस बाजार नियंत्रित झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. अधिकृत माप आणि परवानाधारक दलाल ही त्याची जमेची बाजू होती; परंतु बाजार समितीत शेतकऱ्यासाठी जागाच राखलेली नव्हती, म्हणजे ज्यांच्या मोबदल्याला आळा घालायचा त्यांचेच वजन समितीवर राहिले. ही उणीव क्षुल्लक मानता येत नाही. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याने शेतकऱ्यांना समितीवर स्थान दिले. १९२८ मध्ये शाही कृषी आयोगाने आपल्या अहवालात रुमालाखालच्या सौद्यांवर आणि मनमानी कपातींवर टीका केली आणि एकाच दलालाने विकणारा व घेणारा या दोघांच्याही वतीने काम करू नये, अशी शिफारस केली. १९३९ च्या मुंबई शेतमाल बाजार कायद्याने हे नियंत्रण कापसापलीकडे इतर शेतमालालाही लागू होण्याची वाट मोकळी केली. अडत कोणी भरायची हा प्रश्न मात्र त्यानंतरही कित्येक दशके खुला राहिला. फळे व भाज्यांपुरता तो भार शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकण्याचा निर्णय महाराष्ट्रात २०१६ मध्ये झाला आणि त्याला व्यापाऱ्यांनी तीव्र विरोध केला.