कारखान्यातले सेन्सर आणि कामगारांचे शिक्षण



आपल्या बेलव्ह्यू परिसरातले बरेच मराठी लोक सॉफ्टवेअरमध्ये आहेत. पण ४०५ हायवेने दक्षिणेला निघालात की थोड्याच वेळात रेंटन लागते. तिथे बोइंगची ७३७ विमाने जुळवली जातात. उत्तरेला एव्हरेटला मोठी विमाने बनतात. शिवाय आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, मेहुणे, काका भोसरी, चाकण, सातपूर किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत आहेत. "आता सगळं ऑटोमॅटिक होणार, मग कामगारांचं काय?" हा प्रश्न फोनवर हमखास निघतो. त्यासाठी ही थोडक्यात माहिती.

सेन्सर म्हणजे काय?

इचलकरंजीच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची एक पातळ पत्ती लटकत असते. धागा तुटला की पत्ती खाली पडते आणि माग थांबतो. हा सेन्सरच झाला! जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले.

आजच्या कारखान्यात धातू जवळ आल्याचे स्पर्शाशिवाय ओळखणारे प्रॉक्झिमिटी सेन्सर असतात. प्रकाशावर चालणारे आणि तापमान, दाब, कंपने मोजणारे सेन्सरही असतात. त्यांचे सिग्नल पीएलसी नावाच्या छोट्या कॉम्प्युटरकडे जातात. पीएलसीची कल्पना डिक मॉर्ली यांनी १९६८ साली मांडली. त्याची 'लॅडर' भाषा मुद्दाम जुन्या रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली गेली, म्हणजे कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला ती लगेच समजावी. नवे यंत्र आणताना जुन्या माणसाचा विचार कसा करावा, याचे हे चांगले उदाहरण आहे.

कामगाराला काय शिकवावे लागते?

१. सुरक्षा: दुरुस्तीआधी मशीनची वीज आणि हवा बंद करून स्वतःचे कुलूप लावणे. याला लॉकआउट-टॅगआउट म्हणतात. अमेरिकेत त्याचा केंद्रीय नियम १९८९ साली झाला. ऑटोमॅटिक मशीन थांबलेले दिसते, पण ते फक्त पुढच्या सिग्नलची वाट पाहत असू शकते!

२. मोजणी: २४ व्होल्टचे सर्किट मीटरने तपासणे. अनेक सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअर करंट देतात. यात ४ म्हणजे सर्वात कमी रीडिंग. करंट शून्य आला तर बहुधा वायर तुटली आहे.

३. सेन्सर बसवणे: अंतर जुळवणे, तेल आणि लोखंडी कीस साफ करणे. कीस साचला तर वस्तू नसतानाही सेन्सर 'आहे' म्हणतो.

४. लॅडर वाचणे: मशीन कोणत्या अटीवर अडले आहे ते शोधणे.

५. आकडे समजणे: बेअरिंगची कंपने हळूहळू वाढत असतील तर ते मोडण्याआधीच बदलणे.

जुन्या कारागिराचे कान इथे वाया जात नाहीत. मशीनचा आवाज बदलला हे त्याला आधीच कळते. आता त्याला ते आकड्यांशी ताडून पाहता येते.

दोन धडे

एव्हरेटला बोइंगने ७७७ चा सांगाडा रोबोंकडून जोडून घेण्याची योजना २०१४ साली जाहीर केली. रोबोंचे काम नीट जमेना, अर्धवट राहिलेले काम मेकॅनिकना पुरे करावे लागे. शेवटी २०१९ साली ही पद्धत सोडली. भोके पाडायला स्वयंचलित साधन आणि रिव्हेटसारखे जोड बसवायला कुशल माणूस, अशी वाटणी झाली.

दुसरा धडा दुःखाचा आहे. ७३७ मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ मधल्या दोन अपघातांत ३४६ माणसे गेली. एकाच सेन्सरच्या चुकीच्या रीडिंगवरून यंत्रणा विमानाचे नाक खाली ढकलत होती. पहिल्या अपघातापूर्वी वैमानिकांना या यंत्रणेची माहितीही दिलेली नव्हती. यंत्र विकत घेतले, पण माणसाला शिकवले नाही, तर काय होते ते यावरून दिसते.

शिकण्याच्या सोयी

रेंटन टेक्निकल कॉलेज १९४२ साली युद्धकाळातल्या कामगारांना तयार करण्यासाठी सुरू झाले. एव्हरेट कम्युनिटी कॉलेजने २०१४ साली प्रगत उत्पादनाचे केंद्र उघडले. तिथे मशिनिंग, वेल्डिंग, कॉम्पोझिट आणि मेकॅट्रॉनिक्स एका छपराखाली शिकवतात. २००८ साली स्थापन झालेल्या 'एजॅक' संस्थेमार्फत पगारी काम करत अप्रेंटिसशिप करता येते. तिथला मशिनिस्टचा कोर्स ८,००० तासांचा, म्हणजे साधारण चार वर्षांचा आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना 'रनिंग स्टार्ट' योजनेत ट्यूशन न भरता कॉलेजचे विषय घेता येतात. पुस्तकांचा खर्च मात्र आपला.

भारतात आयटीआय आणि १९६१ च्या कायद्याखालची अप्रेंटिसशिप आहेच. पुण्यात केंद्र सरकारच्या 'समर्थ उद्योग' योजनेतले सीफोरआयफोर केंद्र लहान कारखान्यांनाही या बाबतीत मार्गदर्शन करते.

तेव्हा पुढच्या वेळी मेहुण्याने नवीन मशीनबद्दल सांगितले, तर किंमत विचारण्याआधी एवढेच विचारा: "चालवणाऱ्याला शिकवायला किती दिवस ठेवलेत?"