सिस्टिम कॉल ब्रेकपॉइंट

सिस्टिम कॉल ब्रेकपॉइंट ही डीबगरमधील एक सुविधा आहे. तपासणीखालील प्रोग्राम कर्नलकडे एखादी सेवा मागतो त्या क्षणी तो या सुविधेमुळे थांबवता येतो. फाइल उघडणे, मेमरी मागणे, नवी प्रोसेस निर्माण करणे ही अशा सेवांची उदाहरणे होत. जीडीबी या डीबगरच्या ७.० या आवृत्तीत (२००९) त्यासाठी ‘कॅच सिस्कॉल’ ही आज्ञा समाविष्ट झाली.

कार्यपद्धती

साधा ब्रेकपॉइंट प्रोग्रामच्या मेमरीत बदल करतो. एक्स८६ प्रोसेसरवर डीबगर इच्छित सूचनेचा पहिला बाइट जपून ठेवतो व त्या जागी २०४ (षोडशमान पद्धतीत सीसी) हा बाइट लिहितो. प्रोग्राम तेथे पोहोचताच थांबतो. पुढे जाण्यासाठी मूळ बाइट परत ठेवून ती एकच सूचना चालवली जाते आणि ब्रेकपॉइंट पुन्हा बसवला जातो.

सिस्टिम कॉल ब्रेकपॉइंटला असा बदल करावा लागत नाही. लिनक्समध्ये ‘पीट्रेस’ या सेवेद्वारे कर्नलच प्रोग्रामला कॉलच्या प्रारंभी व शेवटी असे दोनदा थांबवते. यांपैकी थांबा कोणता, याची नोंद पूर्वी डीबगरलाच ठेवावी लागे, लिनक्स ५.३ (२०१९) पासून ही माहिती कर्नलकडून मिळू शकते.

मेमरीची साफसफाई

प्रोग्राम मोकळा सोडण्यापूर्वी बदललेले सर्व बाइट पूर्ववत करणे आवश्यक असते. पुढील तीन सिस्टिम कॉलच्या वेळी याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

* फोर्क : अपत्य प्रोसेसला मेमरीची प्रत मिळते व तिच्यात ब्रेकपॉइंटचे बाइटही येतात. ते न काढता तिला सोडल्यास, अशा बाइटपाशी पोहोचताच ती सामान्यतः ट्रॅप सिग्नलने बंद पडते.
* व्हीफोर्क : मूळ व अपत्य प्रोसेसची मेमरी सामाईक असते. त्यामुळे एकीतून काढलेला ब्रेकपॉइंट दुसरीतूनही निघतो. अपत्य वेगळे झाल्यावर तो मूळ प्रोसेसमध्ये पुन्हा बसवावा लागतो.
* एक्झेक : जुनी मेमरी नष्ट होऊन नवा प्रोग्राम येतो. जपलेले बाइट आता निरुपयोगी असतात. ते परत लिहिल्यास नवा प्रोग्राम बिघडतो. डीबगरने जुन्या नोंदी टाकून पत्ते नव्याने ठरवायचे असतात.

कर्नलमधील वापर

कर्नलचे डीबगिंग करणाऱ्या केजीडीबीलाही हाच नियम लागू होतो. लिनक्ससाठीच्या केजीडीबीची देखभाल २००० ते २००४ या काळात अमित काळे यांनी केली. २००८ मध्ये तिची सुटसुटीत आवृत्ती लिनक्स २.६.२६ मध्ये समाविष्ट झाली. कर्नलमध्ये मागे राहिलेला ब्रेकपॉइंट एका प्रोग्रामऐवजी संपूर्ण संगणक बंद पाडू शकतो. म्हणून डीबगर अलग होताना केजीडीबी सर्व ब्रेकपॉइंट काढून टाकते.