पित्ताशयाचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतर यकृतात होणारा प्रसार
पित्ताशय यकृताला खालून चिकटलेले असते. त्या बाजूला त्यावर उदरावरणाचे आच्छादन नसते आणि त्याच्या सूक्ष्म शिरा थेट यकृतात उतरतात. त्यामुळे पित्ताशय काढल्यावरही कर्कपेशी यकृतात, विशेषतः लगतच्या ४ ब व ५ या खंडांत, वाढू शकतात. उत्तर भारतात, गंगेच्या खोऱ्यात, हा रोग बराच आढळतो. पुष्कळदा पित्तखड्यांसाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ऊतितपासणीतच तो उघड होतो. म्हणून काढलेले प्रत्येक पित्ताशय तपासणीला गेलेच पाहिजे. गाठ स्नायुस्तरात शिरली असल्यास लगतचा यकृतभाग व लसीका ग्रंथी काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया सुचवतात. यकृतात गाठी विखुरल्यावर मात्र तिचा सहसा उपयोग नसतो. तेव्हा जेमसिटाबीन व सिसप्लॅटिन ही २०१० पासून रूढ झालेली औषधजोडी देतात.