झाकणाखालची विद्या : मेजावरील संगणकाच्या दुरुस्तीचा इतिहास

विकत घेतलेले यंत्र बिघडले, तर ते उघडण्याचा अधिकार कोणाचा? मालकाचा, की ते घडविणाऱ्या कारखानदाराचा? हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा वाटतो. परंतु संगणकाच्या दुरुस्तीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरला आहे, असे आमचे मत आहे. घड्याळ, सायकल, शिवणयंत्र यांच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न कधी पडला नाही. गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या कारागिराने ते उघडावे, आत पाहावे आणि चालू करून द्यावे, इतका तो व्यवहार सरळ होता. हिशेबाच्या यंत्रांची गोष्ट निराळी होती. ती विकतच मिळत नसत.

अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनी आपली यंत्रे भाड्याने देई. यंत्र कंपनीचे, सुटे भाग कंपनीचे आणि दुरुस्तीला येणारा माणूसही कंपनीचाच. १९५२ साली अमेरिकन सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिच्यावर दावा लावला आणि जानेवारी १९५६ मध्ये उभयपक्षी मान्य असा हुकूमनामा झाला. कंपनीने यंत्रे विकलीही पाहिजेत, आणि सुटे भाग व दुरुस्तीची माहिती बाहेरच्या कारागिरांनाही दिली पाहिजे, असे त्यात होते. हा हुकूमनामा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे पुन्हा त्याच्याकडे यावयाचे आहे.

आपल्याकडे हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने आला. १९७३ च्या परकीय चलन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपली भागीदारी कमी करावी असे ठरले, आय.बी.एम.ला ते मानवले नाही आणि १९७८ मध्ये तिने येथील कारभार आवरला. कंपनी गेली, पण तिची यंत्रे मागे राहिली. ती सांभाळण्याचे काम कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीकडे आले. डिसेंबर १९७५ मध्ये निघालेल्या या कंपनीच्या नावातच देखभाल हा शब्द होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. एकाच घराण्याच्या यंत्रांवर नव्हे, तर अनेक घराण्यांच्या यंत्रांवर हात बसलेली माणसे तिच्यात तयार झाली. पुढे ही कंपनी टाटा समूहाकडे गेली आणि २०१५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. असो.

ही सारी यंत्रे खोलीभर पसरणारी होती. मेजावर मावणारा संगणक आला तो १९७० नंतरच्या दशकात, आणि गंमत अशी, की तो उघडा असाच आला. १९७७ च्या अ‍ॅपल-२ चे झाकण हाताने उचलता येई; आत जादा कार्डांसाठी आठ खाचा असत. खुद्द आय.बी.एम.ने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला, तेव्हा तिने जे केले ते तिच्या पूर्वीच्या रीतीला सर्वस्वी सोडून होते. इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर तिने बाहेरून घेतला, आत पाच खाचा ठेवल्या, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक तांत्रिक ग्रंथ छापून विक्रीस ठेवला. त्यात यंत्रातील विद्युत्‌मंडलांचे नकाशे होते. यंत्र सुरू होताच जी मूळ आज्ञावली चालते, ज्या बायॉसचे नाव आज शाळकरी मुलेही घेतात, तिचा समग्र पाठही होता. वैद्याने आपली वही बाजारात मांडावी तसाच हा प्रकार झाला.

त्या यंत्राची आणखी एक खोडी सांगण्यासारखी आहे. ते सुरू होताच स्वतःची प्रकृती स्वतःच तपासून पाही. सर्व ठीक असल्यास एक आखूड ‘बीप’. एक लांब आणि दोन आखूड ऐकू आल्यास चित्र दाखविणाऱ्या कार्डात दोष. पडद्यावर ३०१ उमटले तर कळफलक, ६०१ तर फ्लॉपी, २०१ तर मेमरी. यंत्रातील मेमरीच्या चिपा नऊ-नऊंच्या रांगांत बसविलेल्या असत: आठ कामाच्या, नववी त्या आठांवर पहारा करणारी. २०१ च्या आधी जी चार चिन्हे उमटत, त्यांवरून कोणत्या रांगेतील कितवी चिप गेली हे जाणकारास कळे. पहिली रांग डाख लावून पक्की केलेली, बाकीच्या सॉकेटात बसविलेल्या; म्हणून पुष्कळदा बिघडलेली चिप उपटून नवी दाबली की काम होई. कित्येकदा तेवढीही गरज पडत नसे. यंत्र तापते, निवते, पुन्हा तापते. त्या आकुंचन-प्रसरणात चिपा सॉकेटातून कणाकणाने वर सरकत. अंगठ्याने त्या खाली दाबणे ही त्या काळची पहिली चिकित्सा. १९८० च्या अ‍ॅपल-३ या यंत्राच्या बाबतीत तर ते दोनतीन इंच उचलून मेजावर आपटावे, असा सल्ला दिला जात असे!

खुलेपणाचा परिणाम कंपनीच्या कल्पनेपलीकडे गेला. छापलेला पाठ उतरवून घेणे बेकायदा, परंतु त्याचे कार्य पाहून स्वतंत्र आज्ञावली लिहिणे बेकायदा नव्हे. कॉम्पॅकने १९८२ मध्ये तसे केले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी तशी आज्ञावली कोणालाही परवान्याने देऊ लागली. मग एकाच मापाचे भाग शेकडो कारखान्यांतून निघू लागले. आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी केली, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर व दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये ‘असेंबल्ड’ संगणकांचा बाजार वाढला. तालुक्याच्या गावी टी.व्ही.-रेडिओ दुरुस्त करणारा तरुण संगणक उघडू लागला तो या बाजाराच्या जोरावर. त्याला कोणत्याही कंपनीने शिकविले नव्हते.

त्याची विद्या पुस्तकी नव्हती, पण ती अडाणीही नव्हती. पावसाळ्यात यंत्र सुरू होईना, की तो मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने घासी. दमट हवेत दातांवर चढलेले पुट निघून जाई आणि यंत्र बोलू लागे. कोकणातील माणसास याचे नवल वाटू नये. जुन्या वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या मदरबोर्डावर शेजारी-शेजारी बसत. त्या उलट बसल्या तर बोर्ड जळण्याची भीती. त्यावर मंत्र एकच, काळ्या तारांना काळ्या तारा लावाव्या. १९९५ च्या ए.टी.एक्स. रचनेत उलट बसणारच नाही अशी एकच जोडणी आली आणि तो मंत्र निरुपयोगी झाला. घड्याळ चालू ठेवणारी निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी पाझरून बोर्डावरील तांब्याच्या रेघा खाई. हा पाझर अल्कधर्मी, म्हणून तो व्हिनेगरने पुसावा हे ज्ञान अनुभवी कारागिराजवळ असे.

कारखानदारांना मात्र हे सारे रुचत होते असे नाही. १९८४ च्या मॅकिन्टॉशची पेटी उघडण्यास लांब दांड्याचा खास स्क्रूड्रायव्हर लागे. ते घडविणाऱ्या मंडळींच्या सह्या पेटीच्या आतल्या बाजूस कोरल्या होत्या. म्हणजे ज्याने पेटी उघडू नये अशी अपेक्षा, त्यालाच त्या दिसायच्या! आय.बी.एम.नेही एप्रिल १९८७ मध्ये पी.एस.-२ ही नवी मालिका काढली. तिची पुष्कळशी यंत्रे हत्याराविना उघडत, पण आतील खाचांचे हक्क कंपनीने राखून ठेवले. झाकण सैल केले आणि विद्या आवळली. पुढच्याच वर्षी नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन निराळी, खुली खाच जाहीर केली. बाजार आय.बी.एम.च्या मागे गेला नाही.

येथे खुल्या व्यवस्थेचा एक तोटाही सांगणे प्राप्त आहे. भाग स्वस्त झाले तसे भाग दुरुस्त करणे महाग झाले. कार्ड बिघडले, कार्ड बदला. बोर्ड गेला, बोर्ड बदला. कारागिराचा हात बदलीवर बसला आणि डाखाची कांडी कपाटात गेली. ती बाहेर काढली एका साथीने.

१९९९ ते २००७ च्या सुमारास जगभर मदरबोर्ड अकाली मरू लागले. प्रोसेसरला लागणारा कमी दाबाचा प्रवाह स्थिर ठेवण्यासाठी त्याच्याभोवती अ‍ॅल्युमिनियमचे डबीसारखे कपॅसिटर असतात. आतील द्रवात पाण्याचे प्रमाण वाढविले म्हणजे त्यांचा अंतर्गत रोध घटतो आणि किंमतही कमी पडते. परंतु योग्य रसायने मिसळून आवर घातला नाही, तर पाणी अ‍ॅल्युमिनियमला खाते आणि हायड्रोजन वायू निर्माण होतो. मग डबीचा माथा फुगतो, माथ्यावरील फुलीची खाच उकलते आणि तपकिरी द्रव बाहेर येतो. द्रवाची कृती कोणीतरी अर्धवट चोरली म्हणून हा अनर्थ झाला, अशी हकीकत त्या काळी छापून आली. कथा रंजक आहे. पण दोष समजण्यास तिची गरज नाही. एकट्या डेल कंपनीला २००५ मध्ये या प्रकरणी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. कंपनीचा उपाय बोर्ड बदलण्याचा. छोट्या दुकानदाराचा उपाय निराळा: फुगलेली डबी उतरवायची, तितक्याच मायक्रोफॅरडची, दाबाने कमी नसलेली, कमी रोधाची नवी डबी घ्यायची, ऋण बाजूचा पट्टा पाहून डाख लावायचा. साधा कपॅसिटर चिकटविणाऱ्याचे काम काही दिवसांनी पुन्हा फुगून परत येई. काही रुपयांच्या भागाने हजारो रुपयांचा बोर्ड उठून बसे. या साथीने आमच्या कारागिरांना त्यांचा धंदा परत दिला, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

अलीकडे वारे पुन्हा फिरले आहेत. २०२० मध्ये आलेल्या अ‍ॅपलच्या एम-१ यंत्रांत मेमरी प्रोसेसरच्याच पाटावर बसविलेली आहे. तेथे खोडरबर चालत नाही. अंगठाही चालत नाही. म्हणूनच १९५६ च्या हुकूमनाम्यातील मागणी आता ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने परत आली आहे. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. परंतु संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. न्यूयॉर्क राज्याने त्याच महिन्यात कायदा केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो अमलात आला. सुटे भाग, हत्यारे, माहिती ही मालकाला व स्वतंत्र कारागिराला द्यावी, असे तो सांगतो. मात्र सही होण्यापूर्वी त्यात एक सवलत घुसली: सुटा भाग बसविताना इजेचा धोका असेल, तर कारखानदाराने तो न देता भागांची तयार जोडणीच दिली तरी चालेल.