भिवपुरी रोड (रेल्वे स्थानक) : जोडमार्ग, वाटा व नियोजित विस्तार

भिवपुरी रोड : रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मध्य रेल्वेचे उपनगरी स्थानक. मुंबई–पुणे लोहमार्गावर नेरळ व कर्जत यांच्या दरम्यान. दोन फलाट. पूर्वेस उल्हास नदीचे खोरे, पश्चिमेस माथेरानची डोंगररांग. डिकसळ, उमरोली, आषाणे, कोषाणे ही परिसरातील गावे. भिवपुरी गाव व तेथील टाटांचे जलविद्युत केंद्र मात्र स्थानकापासून दूर, कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे; तेथे जाणाऱ्याला कर्जतला उतरणेच सोयीचे.

इतिहास : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग 1 मे 1854 रोजी कल्याणपर्यंत आणि 12 मे 1856 रोजी पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत (तेव्हाचे कांपोली) सुरू झाला. पुढे सात वर्षे मुंबईकडचा लोहमार्ग घाटाखालीच संपत असे. खोपोलीला उतरून प्रवासी पालखीने, तट्टांवरून वा बैलगाडीने खंडाळ्याला चढत आणि 1858 पासून तेथून पुण्याची गाडी धरत. 1863 मध्ये भोर घाटातील लोहमार्ग पूर्ण झाल्यावर ही तुटलेली जोडणी सांधली गेली आणि कर्जत हे घाट चढण्यापूर्वीचे जंक्शन ठरले. घाटाची चढण काही ठिकाणी 37 फुटांस एक फूट इतकी तीव्र असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडली जातात. मेल-एक्स्प्रेस गाड्यांचे थांबे कर्जतला वाढले ते यामुळे. भिवपुरी रोड लोकलपुरते राहिले. नेरळ–माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे 1907 पासूनची. टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीचे भिवपुरी वीजकेंद्र 1922 मध्ये सुरू झाले. ठोकरवाडी धरणाचे पाणी वीज निर्माण केल्यावर खाली राजनाला कालव्याने कर्जत तालुक्यातील भातशेतीस मिळते.

सध्याची रेल्वेसेवा : कर्जत व खोपोली लोकल येथे थांबतात. मुंबईहून सुटणाऱ्या अनेक लोकल बदलापूरलाच संपतात, म्हणून त्यापुढील स्थानकांवर दोन गाड्यांमधील अंतर वाढते. बदलापूर ते कर्जत अप आणि डाउन अशा दोनच मार्गिका असून लोकल, मेल व मालगाडी यांना त्यांवरूनच जावे लागते. एक गाडी रखडली की मागच्या सगळ्या अडकतात. कल्याणमार्गे मुंबईला सुमारे दोन तास लागतात.

रस्ते व इतर वाहने : कर्जत–नेरळ–कल्याण रस्ता. एसटीचे आगार कर्जतला. शेअर रिक्षा, टमटम.

नियोजित विस्तार : दोन प्रकल्पांचा या स्थानकाशी संबंध येतो.

(1) बदलापूर–कर्जत तिसरी व चौथी मार्गिका. लांबी सुमारे 32 किमी. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. वांगणी, शेलू, नेरळ व भिवपुरी रोड ही मधली स्थानके. कल्याण–बदलापूर दरम्यानच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला ही जोडली गेल्यावर कल्याण ते कर्जत सलग चार मार्गिका होतील आणि लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलपासून वेगळ्या काढता येतील.

(2) पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात (मंजुरी 2016) मुंबई रेल्वे विकास महामंडळाकडून. लांबी 29.6 किमी, दुहेरी मार्ग, मंजूर खर्च 2,782 कोटी रुपये. स्थानके : पनवेल, चिखले, मोहोपे, चौक व कर्जत, चौक खालापूर तालुक्यात. बोगदे तीन : नढाल (219 मी.), किरवली (300 मी.) आणि वावर्ले (2,625 मी.). वावर्ले बोगदा लांबीत पारसिक बोगद्यालाही मागे टाकतो. आजवर येथे एकेरी मार्ग होता व त्यावर उपनगरी सेवा नव्हती. कर्जत–मुंबई अंतर कल्याणमार्गे 100 किमी आहे. पनवेलमार्गे ते सुमारे 20 किमीने घटते. भिवपुरी रोडच्या प्रवाशाला कर्जतला गाडी बदलून नवी मुंबई गाठता येईल, ठाण्याला वळसा घालावा लागणार नाही. त्यासाठी कर्जतला दोन्ही मार्गांच्या लोकलच्या वेळा जुळणे आवश्यक आहे. चौक स्थानक जुन्या मुंबई–पुणे महामार्गाच्या पट्ट्यात येत असल्याने चौक परिसरातील गावांना रेल्वे प्रथमच दैनंदिन उपयोगाची होईल.

पायवाटा व वाड्या : स्थानकाच्या पश्चिमेस पाली-भूतिवली धरण, तेथून सागाची वाडीमार्गे गार्बेट पठारावर व पुढे माथेरानला चढता येते. गिर्यारोहकांना ही वाट सुटीच्या दिवशीची म्हणून परिचित असली, तरी डोंगरातल्या ठाकूर व कातकरी वाड्यांचा तो रोजचा रस्ता आहे. भाजी, रानमेवा, शाळा, मजुरी, दवाखाना या सर्वांसाठी सागाची वाडी, आसलवाडी, बेकरेवाडी येथील लोक एकतर माथेरानला चढतात किंवा रेल्वेच्या बाजूला उतरतात. माथेरान परिसर 2003 मध्ये पर्यावरण संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. त्यात वनजमिनीच्या परवानगीचा प्रश्न असल्याने या वाड्यांच्या रस्त्याची मागणी दीर्घकाळ चालू आहे. जंगल राखणे आणि आजाऱ्याला झोळीतून खाली आणावे न लागणे, या दोन्ही गोष्टी मान्य करणारा अरुंद, मर्यादित वापराचा रस्ता हा मार्ग अनेकदा सुचवला जातो. रेल्वे प्रकल्पांत अंतर मोजले जाते ते स्थानक ते स्थानक. वाडी ते फलाट हे अंतर त्यात येत नाही. या स्थानकाच्या बाबतीत तीच मोठी उणीव आहे.

शिक्षण : चांधई येथील यादवराव तासगावकर अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी याच स्थानकाचा वापर करतात.

पर्यटन : आषाणे धबधबा. पावसाळ्यात गर्दी व अपघात यांमुळे प्रशासन धबधबे-धरणांवर मनाई आदेश काढते.

मूल्यमापन : तिसरी-चौथी मार्गिका आल्यावर गाड्या वेळेवर धावतील, पण स्थानकाची पोहोच आपोआप वाढणार नाही. लोहमार्गाच्या दोन्ही बाजू जोडणारा पादचारी पूल, पावसातही चालता येईल असा डिकसळ ते फलाट पदपथ, रिक्षांना ठरलेली जागा आणि शेवटच्या लोकलला जुळणारी एसटी ही कामे बोगद्यांच्या तुलनेत नगण्य खर्चाची आहेत. मार्गिकांसाठी जमीन व फलाट यांची आखणी होत असतानाच ती आराखड्यात आली पाहिजेत; रूळ टाकून झाल्यावर तीच कामे कितीतरी महाग पडतात.