नीळ (धुलाई)

नीळ म्हणजे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवरील पिवळसर झाक लपविण्यासाठी अखेरच्या पाण्यात मिसळले जाणारे निळे रंगद्रव्य होय. ते पूड, वडी आणि द्रव अशा स्वरूपांत मिळते. नीळ मळ काढत नाही, जंतूंचा नाश करत नाही आणि कापडाचे विरंजनही करत नाही. कापडावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा तोल तेवढा ती बदलते. त्यामुळे नीट न धुतलेल्या कपड्याला नीळ दिल्यास तो शुभ्र न दिसता करडा दिसू लागतो. निळीच्या झुडपापासून (इंडिगोफेरा टिंक्टोरिया) मिळणाऱ्या रंगालाही मराठीत नीळच म्हणतात. परंतु धुलाईसाठी विकल्या जाणाऱ्या आजच्या निळीत तो रंग सहसा नसतो.

नाव

संस्कृत 'नीली' हे मुळात झुडपाचे व त्याच्या रंगाचे नाव. तेच अरबीत 'अन्-नील' व पोर्तुगीजमध्ये 'अनिल' झाले आणि पुढे रसायनशास्त्रातील 'ॲनिलिन' या संज्ञेत शिरले. पंचतंत्रातील चंडरव नावाचा कोल्हा निळीच्या भांड्यात पडून निळा होतो, ते भांडे एका रजकाच्या घरचे असते. 'रजक' या शब्दाचे रंगारी आणि परीट असे दोन्ही अर्थ होतात, त्यामुळे मराठी गोष्टींत कधी रंगाऱ्याचे, तर कधी परटाचे घर आढळते.

कार्यतत्त्व

कच्चा कापूस शुभ्र नसतो, त्याला फिकट पिवळट छटा असते. विरंजित कापडही कालांतराने पुन्हा पिवळे पडू लागते. पिवळट कापड निळ्या रंगाचा प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे परावर्तित प्रकाशात निळा भाग कमी पडतो. नीळ उरलेल्या पिवळ्या भागापैकी थोडा शोषून घेते आणि तोल पुन्हा साधला जातो. या क्रियेत कापडावरून येणारा एकूण प्रकाश वाढत नाही, उलट किंचित घटतो. तरीही किंचित निळसर पांढरा रंग हा पिवळसर पांढऱ्यापेक्षा अधिक स्वच्छ असल्याची जाणीव माणसाला होते. ग्रामीण महाराष्ट्रात जुन्या पिढीतील अनेकांच्या धोतर-टोप्यांवर निळीची छटा स्पष्ट दिसे. तेथे तो दोष नव्हे, तर कपडा ताजा धुतल्याची खूण मानली जाई.

इतिहास

युरोपात स्टार्चबरोबर कोबाल्टयुक्त निळ्या काचेची बारीक पूड वापरण्याची पद्धत होती. इ.स. १७०६च्या सुमारास बर्लिन येथे प्रशियन निळा हा लोहयुक्त रंग योगायोगाने तयार झाला व पुढे तोही धुलाईत आला. त्याचा एक दोष गृहिणी व धोबी यांना चांगलाच महागात पडे. साबणाचा किंवा सोड्याचा अंश कपड्यात राहिला असल्यास अल्कलीमुळे हा रंग विघटित होतो, त्यातील लोह मोकळे होते आणि इस्त्री फिरताच कपड्यावर तांबेऱ्यासारखे तपकिरी डाग उमटतात. शुभ्रतेसाठी दिलेला रंगच अशा रीतीने कपडा नासवीत असे.

ही अडचण अल्ट्रामरीनने दूर केली. हे रंगद्रव्य पूर्वी अफगाणिस्तानातील बदख्शान प्रदेशात सापडणाऱ्या लाजवर्द (राजावर्त) या रत्नापासून मिळे आणि अतिशय महाग असल्याने चित्रकारही ते जपून वापरत. फ्रान्समधील एका औद्योगिक संस्थेने १८२४ मध्ये ते कृत्रिमरीत्या बनविण्यासाठी पारितोषिक जाहीर केले. ते झां-बाप्तिस्त गिमे याला मिळाले. जर्मनीत क्रिस्तिआन ग्मेलिन यानेही १८२८ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. चिनी माती, सोडा, गंधक व कोळसा यांसारखे स्वस्त पदार्थ तापवून हे द्रव्य बनते. स्फटिकाच्या पोकळ्यांत अडकलेल्या गंधकाच्या त्रि-अणू आयनांमुळे त्याला निळा रंग येतो. ते अल्कलीत टिकते, म्हणजे साबणाने बिघडत नाही. इंग्लंडमधील हल येथील रेकिट या स्टार्च उत्पादकांनी अल्ट्रामरीनच्या वड्या जगभर पोहोचविल्या. भारतात 'रॉबिन' हे या घराण्यातील नाव परिचित झाले. पुढे केरळातील ज्योती लॅबोरेटरीज (स्थापना १९८३) या कंपनीच्या 'उजाला' या जांभळट द्रवाने घरोघरच्या पुडीची जागा बऱ्याच अंशी घेतली. पाण्यात पूर्णपणे विरघळणारा रंग असल्याने त्याचा गाळ कपड्यावर बसत नाही.

वापराची रीत

परटाच्या पारंपरिक धुलाईत कपडे सोडा किंवा खाराच्या पाण्यात भिजवून भट्टीवर वाफवीत, दगडावर आपटीत, भरपूर पाण्यात खळबळून काढीत आणि मग नीळ व खळ देत. 'परीटघडी' हा शब्द या साऱ्या क्रमाच्या शेवटच्या पायरीतून आला आहे. घरगुती धुलाईतही नीळ शेवटीच येते. पुडीची नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून पाण्यात हलवितात. पूड थेट टाकल्यास न विरघळलेले कण धाग्यांत अडकून ठिपके पडतात. अल्ट्रामरीन पाण्यात विरघळत नाही, केवळ तरंगते, म्हणून प्रत्येक कपडा बुडविण्यापूर्वी पाणी ढवळावे लागते. कपडा पूर्ण उलगडून बुडवावा आणि लगेच पिळावा. घडी किंवा बोळा करून ठेवल्यास निळे पट्टे उमटतात. अल्ट्रामरीन अधिक झाल्यास थोडा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात कपडा भिजवितात, कारण आम्लाने हे द्रव्य विघटित होते. द्रव निळीवर हा उपाय लागू पडेलच असे नाही. तांदळाची पेज किंवा साबुदाण्याची खळ द्यायची असल्यास त्यातच नीळ मिसळण्याचीही पद्धत आहे. दिवाळीपूर्वी घराला लावल्या जाणाऱ्या चुन्यातही याच कारणासाठी नीळ घालतात.

नीळ कोठे अपुरी पडते

पिवळेपणाचे कारण ओळखल्याशिवाय नीळ वाढवीत जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. कॉलर व काखेतील पिवळेपणा घामातील व त्वचेवरील तेलकट द्रव्यांचा असतो. तो गरम पाणी व डिटर्जंटनेच जातो. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट थर बनवितात. महाराष्ट्रातील अनेक कूपनलिकांच्या पाण्यात हा अनुभव येतो. तेथे धुण्याचा सोडा किंवा साबणाऐवजी डिटर्जंट उपयोगी पडते. कोकणात जांभ्या मातीचे तांबडे डाग व गंजलेल्या नळाचे डाग लोहाचे असतात. त्यांवर क्लोरीनयुक्त विरंजक ओतल्यास ते जाण्याऐवजी अधिक पक्के होऊ शकतात; लिंबाचा रस किंवा लिंबूसत्व लावून उन्हात ठेवण्याचा जुना घरगुती उपाय येथे रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे.

विरंजकाचा अतिरेक हे स्वतःच पिवळेपणाचे एक कारण आहे. सोडियम हायपोक्लोराइट वारंवार किंवा तीव्र वापरल्यास सेल्युलोजचे ऑक्सिडीकरण होऊन सुती कापड पिवळट व कमजोर होते. लोकर व रेशीम यांवर ते कधीच वापरू नये, कारण ते प्रथिन तंतूंना खाऊन टाकते.

प्रकाशीय शुभ्रक

१९२९ मध्ये जर्मन रसायनज्ञ पाउल क्राइस याने हॉर्स चेस्टनट वृक्षापासून मिळणाऱ्या एस्क्युलिन या द्रव्याने कापड उजळ दिसते असे दाखवून दिले. यातून विकसित झालेले प्रकाशीय शुभ्रक आज बहुतेक कपडे धुण्याच्या पुडींत असतात. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात. नीळ पिवळा प्रकाश वजा करते, तर शुभ्रक निळ्या प्रकाशाची भर घालतात. म्हणून असा कपडा उन्हात झळाळतो. अतिनील किरण जवळजवळ नसलेल्या एलईडी दिव्याखाली तोच सदरा फिका वाटतो. मुद्दाम कोरी ठेवलेली मलईरंगी खादी अशा पुडीने वारंवार धुतल्यास तिची मूळ छटा हरवते.

सुरक्षितता

निळीला आम्लाचा उतारा देताना त्याच बादलीत विरंजक नसावे. हायपोक्लोराइटमध्ये व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा शौचालय साफ करण्याचे आम्ल मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. अमोनियाबरोबर क्लोरामाइन ही विषारी द्रव्ये तयार होतात. द्रव नीळ सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. तिचा रंग लहान मुलांना आकर्षक वाटतो.